मांजरांसाठी फळ्या: आधी भिंत ओळखा, मग ड्रिल हातात घ्या

दोन मांजरं, नव्या इमारतीतला फ्लॅट, आणि मागवलेल्या फळ्यांसोबत आलेले स्क्रू पुरतील का, हा तुमचा प्रश्न. नाही पुरणार, ते बाजूलाच ठेवा.

माझी पहिली फळी मी अशाच छोट्या स्क्रूंवर लावली होती. आमची भुरी साडेचार किलोची. पंधरा दिवस सगळं ठीक चाललं, मग एका रात्री ती धावत येऊन उडी मारून वर गेली आणि फळी खाली आली. रॉल प्लगला (स्क्रूला पकड मिळावी म्हणून भोकात बसवतात ती प्लास्टिकची नळी) भाकरीएवढा प्लास्टर चिकटून आला होता, विटेपर्यंत तो पोचलाच नव्हता. भुरीला लागलं नाही, पण पुढे दोन महिने ती त्या भिंतीकडे फिरकली नाही. मांजर नुसतं बसलेलं असतं तेव्हा चार-पाच किलोच असतं. उडी मारून टेकतं तेव्हा क्षणभर त्याच्या कितीतरी पट जोर येतो, आणि तो वरच्या स्क्रूला भिंतीतून बाहेर खेचतो.

म्हणून आधी कोपऱ्यात एक छोटं भोक पाडून भुकटी बघा. लाल असेल तर वीट. करडी आणि ड्रिल अडत असेल तर काँक्रीटचा कॉलम किंवा बीम, म्हणजे सगळ्यात उत्तम. पांढरट, मऊ आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत जात असेल तर हलके एएसी ब्लॉक (आत हवेची बारीक छिद्रं असलेल्या काँक्रीटचे), जे नव्या इमारतींत बहुतेक असतात. त्यांत ड्रिलचा हॅमर मोड (फिरताना ठोकेही देणारा) बंद ठेवूनच भोक पाडा, नाहीतर ते रुंद होतं, आणि एएसीसाठी मिळणारे लांब नायलॉन प्लगच वापरा. भोकातली धूळ नीट फुंकून काढा. धुळीत प्लग घट्ट बसत नाही. विजेच्या बटणांच्या सरळ वर-खाली आणि बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीत भोक पाडूच नका, आत वायर किंवा पाइप असतो.

फळी १८ मिमी प्लायची घ्या. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, पावसाळ्यात फुगतं आणि त्यात स्क्रू धरत नाही. रुंदी निदान २५ सेंमी, ब्रॅकेट जाड लोखंडी, लांब बाजू भिंतीला. दोन फळ्यांमध्ये आडवं-उभं ३० ते ४० सेंमी अंतर पुरतं. म्हातारं मांजर असेल तर आणखी कमी. वर ज्यूटचं पायपुसणं चिकटवा, गुळगुळीत सनमायकावर पाय घसरतो.

दोन मांजरं आहेत म्हणून वरच्या फळीवरून उतरायला दोन वाटा हव्यात. एकच वाट असली की दांडगं खाली बसून राहतं आणि दुसरं वरच अडकतं. पंख्याजवळची भिंत मात्र पूर्ण सोडा, आणि जाळी नसलेल्या खिडकीजवळचीही. याबाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

सगळं बसवल्यावर मांजराआधी वीस लिटरचा भरलेला पाण्याचा जार प्रत्येक फळीवर रात्रभर ठेवा. सकाळी ब्रॅकेट आणि भिंत यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकवून बघा. जात असेल तर तो स्क्रू काढून दुसरीकडे नवं भोक घ्या, जुन्यात काडी कोंबून भागवू नका. मग सगळ्यात खालच्या फळीवर चिमूटभर सुकट ठेवा आणि दोघांना त्यांच्या मर्जीने चढू द्या, उचलून ठेवू नका.