एकोणीस मोठी, एक लहान

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

नर की मादी हे गुणसूत्रांवरून ठरते असे दाखवणाऱ्या अमेरिकन संशोधिका नेटी स्टीव्हन्सवरचा तुझा लेख दोनदा वाचला. तळमळ आहे, भाषाही चांगली आहे. परंतु ‘चोरलेला शोध’ हा मथळा काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चार पानांपैकी साडेतीन पाने तू तिच्यावर झालेल्या अन्यायाला दिलीस आणि तिने नेमके काय पाहिले याला जेमतेम दोन ओळी. तिच्या कामाकडे दुर्लक्ष झाले अशी तक्रार करणाऱ्याने निदान स्वतः तरी तसे करू नये.

तेव्हा आधी तो भुंगेरा. जुन्या पिठात होणाऱ्या अळीचे पुढे काळपट भुंगेरे बनतात. त्या टेनेब्रिओ मोलिटर जातीच्या नर आणि मादी या दोघांच्याही पेशी तिने तपासल्या. मादीच्या शरीरपेशींत २० मोठी गुणसूत्रे होती, नराच्या पेशींत १९ मोठी आणि १ अगदी लहान. म्हणजे शुक्रपेशी तयार होताना निम्म्यांच्या वाट्याला १० मोठी येतात आणि उरलेल्या निम्म्यांच्या वाट्याला ९ मोठी व ते एक लहान. अंडपेशींत मात्र १० मोठीच असतात. लहान गुणसूत्र घेऊन आलेल्या शुक्रपेशीपासून नर होतो, हा हिशेब आज आपल्याला सोपा वाटतो. पण १९०५ साली, वाढत्या गर्भाला मिळणारे अन्न किंवा तापमान यांवर लिंग ठरते असे मानणारे नामवंत पुष्कळ होते.

नाकतोड्याच्या वृषणाची स्लाइड तू माझ्याकडे केली आहेस, म्हणून हे तुला सांगता येते. अंगठ्याने दाबताना कव्हरस्लिप केसभर जरी सरकली तरी गुणसूत्रे एकमेकांवर चढतात आणि मोजणी बिघडते. त्या दिवशी तुझी संख्या प्रत्येक वेळी विषम येत होती, आणि एक गुणसूत्र आपल्या हातून हरवले असे समजून तू दोन उत्तम स्लाइडी धुऊन टाकल्यास. नराकडे ते एकटेच असते, त्याला जोडीदार नसतो, हे मागाहून तुझ्या ध्यानात आले. त्याच एकट्या गुणसूत्राचा संबंध मॅक्लंग या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९०१-०२ मध्ये लिंगाशी जोडला होता. पण मादीच्या पेशींची मोजणी त्या वेळी चुकलेली असल्यामुळे त्याचे उत्तर नेमके उलटे आले आणि ते गुणसूत्र नर घडवते असे त्याला वाटले. स्टीव्हन्सने मादीही काळजीपूर्वक मोजली, ही गोष्ट तुझ्या लेखात कुठेच नाही. माझ्या मते ती पहिल्या परिच्छेदात हवी.

आता तू ज्याला चोर ठरवलेस त्या विल्सनविषयी. कोलंबिया विद्यापीठातील एडमंड विल्सन त्याच काळात, स्वतंत्रपणे, ढेकणांच्या गणातील कीटकांवर काम करीत होता. त्याचा निबंध ऑगस्ट १९०५ मध्ये आला, तिचा सप्टेंबरमध्ये, आणि तिच्या निष्कर्षांची नोंद त्याने आपल्या निबंधात केली होती. याला चोरी म्हणता येत नाही. फरक होता तो निष्कर्षाच्या ठामपणात: विल्सनने परिस्थितीच्या प्रभावाला जागा ठेवली, तर तिने आपल्या भुंगेऱ्यात लिंगनिश्चिती गुणसूत्रांच्या एका जोडीतील फरकाने होते असे दिसते, असे लिहिले. ‘दिसते’ हा तिचा शब्द भित्रेपणाचा नव्हे. मोजलेल्या आकड्यांच्या पुढे ती गेली नाही, इतकेच.

अन्याय दाखवायचाच असेल तर तिचे ब्रिन मॉर या अमेरिकेतील महिला महाविद्यालयातील शिक्षक टी. एच. मॉर्गन यांच्या दोन मजकुरांची तुलना कर. तिला कार्नेगी संस्थेचे साहाय्य मिळावे म्हणून शिफारस करताना त्याने लिहिले होते की, गेल्या बारा वर्षांत संशोधनात इतकी सक्षम आणि स्वतंत्र अशी दुसरी विद्यार्थी व्यक्ती आपल्याला मिळाली नाही. १९१२ मध्ये ती गेल्यावर मृत्युलेखात मात्र एका महत्त्वाच्या शोधात तिचा ‘वाटा’ होता, एवढेच आले. आनुवंशिक गुण गुणसूत्रांवरून पुढे जातात या गुणसूत्र-सिद्धांताविषयी खुद्द मॉर्गन १९१० पर्यंत साशंक होता. पुढे फळमाशीवरच्या कामासाठी १९३३ मध्ये त्याला नोबेल मिळाले. त्याच माशीची गुणसूत्रे स्टीव्हन्सने, त्याला ती गाजलेली पांढऱ्या डोळ्यांची माशी सापडण्याआधीच, तपासली होती. लिंग ठरवणाऱ्या जोडीतील मोठ्या आणि लहान गुणसूत्रांची एक्स आणि वाय ही नावे विल्सनने रूढ केली, आणि पाठ्यपुस्तके नावांच्या मागोमाग जातात. असे छोटे छोटे शब्दच एखाद्याला बाजूला सारतात. त्यासाठी खलनायक लागत नाही.

‘मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांना तिने १९०५ सालीच उत्तर दिले’ हे तुझे वाक्य टाळ्या मिळवील, आणि आपल्याकडे ते बोलण्याची गरज अजूनही आहे, हे मी नाकारत नाही. पण भुंगेऱ्यावरून माणसावर उडी तिने मारली नव्हती. माणसात वाय गुणसूत्रामुळे नर घडतो, हे १९५९ मध्ये स्पष्ट झाले, आणि फळमाशीत तर ते काम वाय करीतच नाही. मधली ही ५४ वर्षे तुझ्या वाक्यात दिसू देत.

तिच्या वयाबद्दलचा परिच्छेद ठेव, फक्त ‘चमत्कार’ हा शब्द वगळ. सुताराची मुलगी, शाळेत शिकवून, ग्रंथालयात नोकरी करून ३५ व्या वर्षी स्टॅनफर्डला गेली, ४१ व्या वर्षी ब्रिन मॉर येथे डॉक्टरेट मिळवली आणि ५० व्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गेली. संशोधनासाठी तिला जेमतेम बारा वर्षे मिळाली. ब्रिन मॉरने तिच्यासाठी संशोधन-प्राध्यापकपद निर्माण केले, पण त्यावर रुजू होण्याआधीच ती गेली होती.

नवा मसुदा पाठवशील तेव्हा सोबत त्या २० आणि १९ अधिक १ गुणसूत्रांची आकृती स्वतःच्या हाताने काढून जोड. लहान गुणसूत्र खरोखर लहान काढ. मागच्या आकृतीत तू ते इतरांएवढेच काढले होतेस.

तुझ्या बाई