उटीला निघण्याआधी

परवा सोलापूरच्या होम मैदानावर तू विचारलंस, ‘सर, कॉस्मिक किरणांत, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांच्या अभ्यासात, करिअर करायचं तर आधी काय वाचू?’ वाचन होईल रे. आधी सोल्डरिंग शीक.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) उटीतल्या ग्रेप्स-३ या कॉस्मिक किरणांच्या प्रयोगात पहिल्या म्युऑन दुर्बिणीतच (म्युऑन म्हणजे हे किरण हवेवर आदळून तयार होणारे कण) सहा-सहा मीटर लांबीच्या ३,७१२ नळ्या आहेत. मी नवखा असताना एका कनेक्टरमध्ये पावसाची ओल शिरली, कणांची मोजणी एकदम वाढली आणि मी तीन आठवडे शोध लागल्याच्या थाटात फिरत होतो! तुमच्या घरी माग आहे ना? धागा तुटला की वडिलांना आवाजावरून कळतं. तसा कान इथे लागतो.

दुसरं, घाई असेल तर इकडे फिरकू नकोस. १० चा २० वा घात इतक्या इलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे प्रचंड ऊर्जेचा कण एका चौरस किलोमीटरवर साधारण शतकातून एकदा पडतो. म्हणून तर अर्जेंटिनातली कॉस्मिक किरणांची ऑजे वेधशाळा ३,००० चौरस किलोमीटरवर पसरलीय.

पायथन, संख्याशास्त्र एमएस्सीतच उरक. पीएचडी प्रवेशासाठीच्या जेस्ट परीक्षेचा फॉर्म भर. आणि स्वेटर घे. शेंगाचटणीचे डबे दोन ने, पहिला होस्टेलवर आठवडाभरही टिकत नाही.