घरासाठी कंडेन्सिंग बॉयलर घ्यायचाय. व्हीसमान, व्हेलंट की बॉश?

तिन्ही कंपन्या चांगल्या आहेत. पण तुम्ही प्रश्नात घर किती उष्णता गमावतं हे लिहिलंच नाही, आणि माझी नऊ वर्षं नेमकी तिथंच वाया गेली.

आमचा पहिला कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेची उष्णताही घर तापवायला वापरणारा) घ्यायच्या वेळी मी खोल्याखोल्यांचा हिशेब केला होता. भिंती, खिडक्या, छत, फटींतून येणारा वारा, सगळं धरून. कडाक्याच्या थंडीत घराला ९ किलोवॉट लागत होते. माझे धाकटे दीर यंत्रांतले जाणकार. ते म्हणाले, "वहिनी, कागदावर घर तापत नाही. एकदाच घ्यायचा तर दांडगा घ्या." बसवणाऱ्यानंही मान डोलावली. ३५ किलोवॉटचा आला.

तो कितीही मंद केला तरी ७ किलोवॉटच्या खाली उतरत नव्हता. आणि हिवाळ्यातले बहुतेक दिवस घराला तीन-चारच पुरत होते. मग काय, पेटायचा, चार मिनिटांत पाणी तापायचं, विझायचा, पुन्हा पेटायचा. रात्री जागी असले की मी मोजायचे. तासाला दहा-बारा वेळा. ठिणगी पाडणारा इग्निशनचा इलेक्ट्रोड दोनदा बदलला, पंखा एकदा. दीर म्हणायचे, कंपनीच भिकार. कंपनीचा काहीएक दोष नव्हता.

एक दिवस मी कंडेन्सेटच्या, म्हणजे धुरातल्या वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या, नळीचं टोक बादलीत सोडलं. संध्याकाळी बादलीत जेमतेम ओल! बॉयलरमधून रेडिएटरकडे, म्हणजे खोल्या तापवणाऱ्या पत्र्यांकडे, पाणी ८० अंशांवर जात होतं आणि ६५ वर परतत होतं. नैसर्गिक वायूच्या धुरातली वाफ साधारण ५५ अंशांखाली गार झाली तरच तिचं पाणी होतं. जास्तीची कार्यक्षमता येते ती त्या वाफेतल्या उष्णतेतूनच. म्हणजे महागडा कंडेन्सिंग बॉयलर आम्ही साध्यासारखा चालवत होतो. मी पाणी ५० वर आणलं. सकाळी बादलीत तीन-चार लिटर. रेडिएटर कोमट लागतात म्हणून दीर नाराज झाले. पण खोली २० अंशांवर होती, आणि रेडिएटर हाताला चटका द्यायला नसतो, भावजी.

नऊ वर्षांनी दुसऱ्या कंपनीचा १२ किलोवॉटचा घेतला. तो २ पर्यंत उतरतो. बाहेरच्या तापमानाचा सेन्सर जोडलाय, थंडी वाढली की पाणी आपोआप थोडं जास्त तापतं. तो दिवसभर मंद जळतो, आवाजही येत नाही.

आता तुमच्या तीन नावांबद्दल. व्हीसमानचा उष्णता विनिमयक (ज्योतीची उष्णता पाण्याला देणारा भाग) स्टेनलेस स्टीलचा असतो, बॉशच्या ग्रीनस्टार मालिकेत बहुतेक ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा. ॲल्युमिनियमला पाण्याचा सामू (pH) फार चढलेला सोसत नाही, म्हणून जुने पाइप नीट धुऊन, इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) घालूनच जोडायला सांगा. गंजाचे कण पकडणारा चुंबकी फिल्टर तिघांनाही लावा. व्हीसमानचा हा व्यवसाय जानेवारी २०२४ मध्ये कॅरियर या अमेरिकी कंपनीकडे गेला, म्हणजे घराण्याच्या नावावर विसंबू नका. तुमच्या भागात सुटे भाग आणि शिकलेला मेकॅनिक कोणाचा मिळतो, तो घ्या.

हो, एक राहिलं. कॉम्बी, म्हणजे घर आणि न्हाणीचं पाणी दोन्ही तापवणारा, घेणार असाल तर माझा हिशेब तसाच लावू नका. न्हाणीचं पाणी तिथल्या तिथं तापवायला २५-३० किलोवॉट लागतातच, तेव्हा किमान किती खाली उतरतो हे पाहून निवडा. साठवणीची टाकी असेल तर तिच्यातलं पाणी ६० अंशांवरच ठेवा, नाहीतर लिजिओनेला नावाचा घातक जंतू वाढतो. ५० अंश फक्त रेडिएटरच्या पाण्यासाठी. आणि बर्नरचं झाकण स्वतः उघडू नका. ज्योत जुळवायला धूर मोजायचं यंत्र लागतं, चुकलं तर कार्बन मोनॉक्साइड.

तुमच्या तिन्ही कोटेशनांवर कमाल आणि किमान किलोवॉट काय लिहिलेत ते इथे टाका, मग मी नाव सांगते.