दारूही आहे आणि मनाचा आजारही, मग उपचार आधी कशाचा?

तुमचा प्रश्न असा : रत्नागिरीजवळच्या कोळीवाड्यात समुपदेशन करताना स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, भास होणं असा आजार) किंवा डिप्रेशन असलेली आणि शिवाय रोज पिणारी माणसं येतात. व्यसनमुक्तीवाले म्हणतात, आधी डोकं ताळ्यावर आणा. मानसोपचारवाले म्हणतात, आधी दारू सोडवा. सुरुवात कुठून करायची?

दोन्हीकडून एकदमच. या टोलवाटोलवीत माणूस दोन्ही दारांतून बाहेर पडतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू-ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात. परत पाठवलंच, तर हे बिनधास्त दाखवा.

पहिल्या भेटीत तारखा विचारू नका, त्या कुणाला आठवत नाहीत. शिमगा, गणपती, नारळी पौर्णिमा असे टप्पे कागदावर मांडा. आवाज कधी ऐकू येऊ लागले, रोजची क्वार्टर कधी सुरू झाली आणि न पिता काढलेला सर्वात मोठा कोरडा काळ कोणता, हे त्यांवर लिहा. त्या कोरड्या काळातही आवाज चालू होते का? माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच. दारूमुळे आलेली उदासी बहुधा दोन-चार आठवडे न पिता काढले की ओसरते. त्यापुढेही टिकली तर स्वतंत्र आजार धरायचा. आत्महत्येचे विचार असतील तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही. मोजमापही नीट घ्या. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये, दारू ४२.८ टक्क्यांची असेल तर, साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं.

खरा धोका एकदम सोडण्यात आहे. रोज पिणारा खलाशी बोटीवर गेला आणि तिथे दारू नसली, की ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. आकडी बहुधा पहिल्या ४८ तासांत येते आणि ४८ ते ९६ तासांत भ्रम, गोंधळ, अंगावर किडे चालल्याचा भास. खोल समुद्रात हे झालं तर तांडेल (बोटीचा प्रमुख) तरी काय करणार? म्हणून ‘देवाची शपथ घेऊन उद्यापासून बंद’ असं कुणी म्हणालं, तर शपथेआधी डॉक्टर. आधी कधी आकडी आली असेल तर दाखल करूनच सोडवायची. सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) दिलं का, हे नातेवाइकांनी विचारावं.

चहातून गुपचूप द्यायच्या गोळ्यांपासून घरच्यांना परावृत्त करा. त्यात डायसल्फिराम (दारूसोबत गेलं की त्रास देणारं, दारू सोडवायचं औषध) असेल आणि माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत ही प्रतिक्रिया येऊ शकते. स्किझोफ्रेनियात तर ही गोळी आजारच भडकवू शकते.

दुसरी अडचण म्हणजे ‘आज प्यायलाय, आज गोळी नको’ हा घरोघरचा नियम. कुठली गोळी प्यायलेल्या दिवशीही घ्यायची आणि कुठली नाही (झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या दारूसोबत श्वास मंदावतात), हे डॉक्टरांकडून गोळीनिहाय मराठीत लिहून घ्या. लिथियम (मनःस्थितीचे चढउतार आवरणारं औषध) चालू असेल तर आणखी जपा. उन्हातला घाम किंवा जुलाब झाले की रक्तातलं प्रमाण चढतं, झोक जातो, बोलणं अडखळतं आणि घरचे म्हणतात, ‘परत प्याला’. तोंडाला वास नसेल तर तडक रुग्णालयात न्या.

वेळ साधायची तर १ जून ते ३१ जुलै. मासेमारी बंद, माणूस घरी. हात रिकामे आणि पिणंही वाढलेलं, हे खरं; पण सलग आठ आठवडे पाठपुरावा एरवी मिळत नाही. बोटी परत निघण्याआधी दीड-दोन महिन्यांच्या गोळ्या, त्या घ्यायची रात्रीची वेळ आणि बोटीवरचा एक भरवशाचा माणूस ठरवून घ्या. गावकऱ्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं तर अडवू नका, गोळी चालू राहिली म्हणजे झालं.

गणपतीत चाकरमानी बाटल्या घेऊन येतात. त्या दिवसांत कोणत्या घरी जायचं नाही, हे रुग्णाकडूनच आधी वदवून घ्या. रात्री-अपरात्री बोलायला टेलि-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६, व्यसनासाठी १४४४६.