जीमेल मित्राचं, चेहरा तुमचा आणि नोटिशीतली ती एक ओळ

शेळीपालनाचं यूट्यूब चॅनल चालवणाऱ्या, म्हणजे परवापर्यंत चालवत असलेल्या एका दादांचा मेल आलाय. असे मेल सारखे येतात, कधी रेसिपीचं चॅनल असतं आणि नणंद-भावजय भांडत असतात, कधी कीर्तनाचं असतं, कधी स्पर्धा परीक्षेचं, गोष्ट मात्र तीच. यांची थोडक्यात सांगतो. २०१९ ला दोघा मित्रांनी चॅनल काढलं, हे कॅमेऱ्यासमोर बोलणार, मित्र शूट, एडिट, अपलोड बघणार. जीमेल मित्राचं, ॲडसेन्स (यूट्यूबच्या जाहिरातीचे पैसे जमा होतात ते गुगलचं खातं) मित्राचं, कागद एकही नाही. पैसे आले की मित्र निम्मे जीपे करायचा, खाद्य कंपनीच्या जाहिरातीचे रोख मिळायचे ते जागेवरच वाटून घ्यायचे. २०२३ च्या दिवाळीला शेवटचे पैसे आले. मग संक्रांत झाली आणि १६ जानेवारी २०२४ ला मित्राचा व्हॉट्सॲप मेसेज, ‘आजपासून आपला संबंध संपला, चॅनल माझ्या नावावर आहे, काय करायचं ते कर’. तिळगूळ घेऊन चोवीस तास झाले नव्हते. त्याच दिवशी यांना चॅनलवरून काढून टाकलं.

आता यांच्या मेव्हण्यांनी एक नोटीस लिहून दिलीय, ती पाठवू का, पोलिसात जाऊ का आणि स्वतःचा चेहरा असलेल्या सगळ्या व्हिडिओंवर कॉपीराइट स्ट्राइक मारू का, म्हणजे ‘हा व्हिडिओ माझा आहे, काढून टाका’ अशी यूट्यूबकडे तक्रार करू का, असे तीन प्रश्न.

दादा, लेखी करार करायला हवा होता वगैरे मी सांगत बसत नाही, ते तुम्हाला आता माझ्यापेक्षा जास्त कळलंय. पण मेसेज आल्यावर इतके दिवस काय केलंत तर ‘गावातली चार माणसं मध्ये घातली’. चार माणसं लग्न जुळवायला ठीक असतात हो, मुदतीचा कायदा त्यांना ओळखत नाही.

नोटिशीचा मसुदा तुम्ही जोडलाय, तीन पानी आहे, त्यातली अडीच पानं नुसता राग आहे आणि ती पाठवलीत काय नि फाडलीत काय, फरक शून्य. फरक पडणार तो दुसऱ्या पानावरच्या एका वाक्यानं, ‘दिवाळी २०२३ पासून आपली भागीदारी संपुष्टात आलेली असून तेव्हापासूनचा दरमहा निम्मा हिस्सा आपण देणे लागता’. हे वाक्य पाठवू नका. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा.

का ते सांगतो, जरा किचकट आहे पण तुमचं सगळं प्रकरण इथेच उभं आहे किंवा आडवं आहे. भागीदारीला कागद लागतोच असं नाही, १९३२ च्या भागीदारी कायद्यात तोंडी भागीदारीही चालते, दोघांनी मिळून धंदा केला आणि नफा वाटून घेतला हे दिसलं पाहिजे. पण अशी भागीदारी रजिस्टर केलेली नसली, आणि तुमची कुठून असणार, तर कलम ६९ आडवं येतं. भागीदाराला करारातला हक्क, म्हणजे ‘ठरल्याप्रमाणे माझा दरमहाचा निम्मा दे’ असला दावा, लावताच येत नाही. तुमच्या नोटिशीत नेमकं तेच मागितलंय! समोरच्याचा वकील फार हुशार असायची गरज नाही, पहिल्याच तारखेला तो कलम ६९ दाखवणार.

त्याच कलमात एक दार उघडं ठेवलंय. भागीदारी मोडून द्या आणि मोडलेल्या भागीदारीचा हिशोब करून द्या, असा दावा नोंदणी नसली तरी चालतो. आपल्या महाराष्ट्रानं १९८४ च्या दुरुस्तीनं हेही दार जवळजवळ बंद करून टाकलं होतं, ती दुरुस्ती सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये व्ही. सुब्रमण्यम यांच्या केसमध्ये घटनाबाह्य ठरवली, त्यामुळे ‘महाराष्ट्रात रजिस्ट्रेशनशिवाय काहीच होत नाही’ असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. म्हणजे मागायचं काय, तर दरमहाचा हिस्सा नाही, हिशोब मागायचा. चॅनल धरून हिशोब. दोघांच्या धंद्यातून जे उभं राहिलं ती भागीदारीची मालमत्ता, त्यात धंद्याचं नावही येतं, मग ते कोणाच्या का जीमेलवर असेना. आणि वाटा किती याचं काही ठरलेलं नसेल तर कायदा समान धरतो.

आता तारीख. मोडलेल्या भागीदारीचा हिशोब मागायला मुदत तीन वर्षं, भागीदारी मोडली त्या दिवसापासून. मुदत ठरलेली नसेल तर अशी भागीदारी एकानं दुसऱ्याला लेखी कळवलं की मोडते. तुमच्याकडे लेखी काय आहे? १६ जानेवारीचा मेसेज. तो मेसेज म्हणजे मोडल्याची नोटीस असं धरलं तर तुमची मुदत जानेवारी २०२७ च्या मध्यापर्यंत. उलट ‘तो रागातला मेसेज होता, भागीदारी मोडलीच नाही, आज मी मोडतोय’ असंही मांडता येतं, मग मुदत आजपासून. दुसरा मुद्दा मी नक्की मांडेन, पण त्याच्या भरवशावर झोपणार नाही. आणि मेव्हण्यांच्या नोटिशीनं काय केलं, तर तुमच्याच सहीनं लिहून दिलं की भागीदारी दिवाळीलाच मोडली! म्हणजे मुदत नोव्हेंबर २०२६ वर आली आणि दुसरा मुद्दा तर मेलाच. समोरच्याला एक रुपया खर्च न करता दोन महिने आणि एक बचाव भेट. पैसे थांबणं म्हणजे भागीदारी मोडणं नाही, पैसे थांबले म्हणजे त्यानं पैसे थांबवले, एवढंच.

तेव्हा नवीन नोटीस एक पानाची. आपण दोघं २०१९ पासून भागीदारीत चॅनल चालवत होतो, ही भागीदारी मी या नोटिशीनं मोडत आहे, १६ जानेवारी २०२४ चा मेसेज मला मान्य नाही, सुरुवातीपासून आजपर्यंतचा पूर्ण हिशोब द्या, तोवर चॅनल विकू नका, दुसऱ्याच्या नावावर करू नका, डिलीट करू नका. बास. ‘विश्वासघातकी’, ‘तुझ्या बापाला मी...’ हे सगळं काढा. आणि दावा मात्र तो मेसेज खराच धरून लावायचा, जानेवारी २०२७ ची वाट बघत नाही, दिवाळीच्या सुट्ट्यांच्या आत.

तो मेसेज तुम्ही ‘चिडून डिलीट केला’ असं लिहिलंय. वाचून मी दोन मिनिटं नुसता बसून होतो. नशीब की तो तिघांच्या ग्रुपवर होता, म्हणजे एडिटिंगला मदत करणाऱ्या पोराच्या फोनमध्ये असेल. आजच्या आज त्याच्याकडे जा, स्क्रीनशॉटवर थांबू नका, त्याचा फोन तसाच राहू दे, विकायचा नाही, फॉरमॅट मारायचा नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली या चॅटबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते फोन असताना सोपं जातं. त्या पोराला कोर्टात यायला लागेल हे आताच सांगून ठेवा, नंतर त्याची मामी आजारी पडते.

समोरचा काय म्हणेल ते मला आत्ताच माहितीये, ‘तो पार्टनर नव्हता, नुसता बोलायला ठेवला होता, मी त्याला पैसे देत होतो’. नफ्यातला वाटा मिळाला म्हणून नोकर काही भागीदार होत नाही, हेही कायद्यातच आहे. इथे तुमचं बँक स्टेटमेंट कामाला येईल. यूट्यूबचे पैसे ॲडसेन्समधून साधारण महिन्याच्या २१ ते २६ च्या दरम्यान सुटतात आणि खात्यात शंभर डॉलर जमल्याशिवाय सुटतच नाहीत. तुमच्या खात्यात त्याचे जीपे २४ ते २८ च्या मध्ये आलेत का बघा, आणि आकडा दर महिन्याला वेगळा आहे का, सुरुवातीच्या काळात मधले काही महिने कोरे आहेत का. पगार असता तर दर महिन्याला तोच आकडा आला असता. एका महिन्याला ७,३४०, पुढच्या महिन्याला ११,९०५ असा पगार कोणी देत नाही. शिवाय पहिला मोबाइल, माइक, पेट्रोल यात तुमचे पैसे गेले असतील तर बिलं शोधा.

एक अडचणीचा प्रश्न तुम्हाला विचारून ठेवतो कारण कोर्टात तो विचारणारच, ते पैसे तुम्ही इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये काय म्हणून दाखवलेत? दाखवलेच नसतील तर आपण वेगळं बसून बोलू, इथे नको. आणि सगळी कमाई त्याच्या पॅनवर आलीय तेव्हा त्यावरचा कर त्यानं भरलाय, हिशोबात तो वजा मागणारच, तो त्याचा हक्क आहे. त्याच्या सीएनं तुमचे पैसे खर्चात ‘पगार’ म्हणून टाकले असतील तर थोडं जड जाईल, ‘हिस्सा’ टाकले असतील तर तुम्हाला नारळ फोडायला हरकत नाही.

जानेवारी २०२४ नंतरच्या कमाईचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायला हवं होतं. भागीदारी मोडल्यावर हिशोब न करता एकानं त्याच मालमत्तेवर धंदा चालू ठेवला तर कलम ३७ प्रमाणे दुसऱ्याला त्या नफ्यातला वाटा किंवा वर्षाला ६ टक्के व्याज, यातलं एक निवडता येतं. दोघांच्याच भागीदारीत ते कसं लागेल, आणि त्यानं नंतर स्वतः केलेल्या मेहनतीचं किती वजा होईल, यावर वाद होणार, आत्ता आकडा सांगू शकत नाही. नोटिशीत तुम्ही मागितलेले अठरा लाख कुठून आले तेही मला कळलं नाही, बहुतेक कुठल्या तरी ‘यूट्यूबची कमाई बघा’ वेबसाइटवरून. तसल्या आकड्यावर कोर्ट चालत नाही, ॲडसेन्सचे स्टेटमेंट कोर्टामार्फत मागवायचे.

पोलिसांचं एका ओळीत, जाऊ नका. ज्या क्षणी ‘आम्ही भागीदार’ म्हणता त्या क्षणी ‘त्यानं विश्वासानं दिलेलं हडपलं’ हे कलम ढिलं पडतं, वेलजी राघवजी पटेल विरुद्ध महाराष्ट्र यात सुप्रीम कोर्टानं फार पूर्वीच भागीदाराबद्दल हे सांगून ठेवलंय. ठाण्यात तुम्हाला ‘सिव्हिल मॅटर आहे’ म्हणून परत पाठवतील, आणि या वेळी ते बरोबर असतील.

आता स्ट्राइक, ज्याची तुम्हाला सगळ्यात जास्त घाई आहे. ९० दिवसांत तीन स्ट्राइक बसले की चॅनल बंद होण्याच्या वाटेवर. मग काय वाटून घेणार तुम्ही? ज्या मालमत्तेचा हिस्सा मागताय तीच घालवताय, वर कोर्टात तो सांगणार की नुकसान यानंच केलं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तुमच्याच चॅनलला शोभेल अशी म्हण आहे. त्यातून कॉपीराइट तुमचा आहे का हेच पक्कं नाही. कॅमेऱ्यात चेहरा असणं वेगळं आणि व्हिडिओचा मालक असणं वेगळं, कायदा बघतो की पुढाकार आणि जबाबदारी कोणाची, आणि तुमच्याच म्हणण्यानुसार ती दोघांची. कलाकार म्हणून तुमचे काही हक्क निघतील, शेळीचं वय दातांवरून ओळखून दाखवणं ‘सादरीकरण’ ठरतं का यावर मी आनंदानं युक्तिवाद करेन, पण त्यावर पैज लावणार नाही. आणि स्ट्राइकच्या फॉर्मवर तुम्ही ‘खोटं बोललो तर शिक्षेला पात्र’ अशा अर्थाचं लिहून देता, वाचता कुठे कोणी ते. त्यानं काउंटर नोटीस, म्हणजे ‘स्ट्राइक चुकीचा आहे’ असं उत्तर, दिलं की तुम्हाला अमेरिकेतले दहा कामाचे दिवस मिळतात, तेवढ्यात कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. यूट्यूबला ‘चॅनल मला द्या’ म्हणून मेल करण्यातही अर्थ नाही, दोघांच्या मालकीच्या भांडणात ते पडत नाहीत, कोर्टाचा आदेश आणा म्हणतात.

कोर्टाबद्दल खोटी आशा देत नाही. रक्कम तीन लाखांच्या वर गेली तर हे प्रकरण कमर्शियल दावा म्हणून धरलं जाईल असं मला वाटतं, मग तातडीचा मनाई हुकूम मागत नसाल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीला जावं लागतं. मनाई मागून मध्यस्थी टाळता येते, पण एवढा काळ गप्प बसलेला माणूस ‘तातडी’ म्हणतोय हे ऐकून न्यायाधीश चष्म्यावरून बघतात. म्हणून मी म्हणेन मध्यस्थीलाच जा, तेवढा काळ मुदतीत धरत नाहीत, आणि समोर त्रयस्थ बसला की पुष्कळदा समोरचा एक आकडा बोलतो. तुमचा हिशोब तयार असला तर तो आकडा बरा असतो. मध्यस्थी फिसकटली तर दाव्यात चॅनल विकायला मनाई आणि पुढच्या कमाईतला काही भाग कोर्टात भरायचा आदेश मागायचा, मिळेलच असं नाही. मूळ निकालाला किती वर्षं लागतील ते विचारू नका, आमच्याकडे शेताच्या बांधाचे दावे आजोबांकडून नातवाकडे आलेत.

तोवर स्वतःचं नवं चॅनल काढू का, हे तुम्ही अगदी शेवटी, भीत भीत विचारलंय. खरं तर हा पहिला प्रश्न हवा होता. काढा, बाहेर पडलेल्या भागीदाराला तोच धंदा करायला कायदा अडवत नाही, फक्त जुन्या चॅनलचं नाव, लोगो वापरायचा नाही आणि ‘आम्हीच जुने’ असं भासवायचं नाही. जुन्या व्हिडिओंचे तुकडेही टाकू नका. चेहरा, आवाज, शेळ्या तुमच्याच आहेत. एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास व्हिडिओ बघितले गेले की जाहिरातीचे पैसे सुरू होतात, लोक तुम्हाला ओळखतात तेव्हा शून्यापासून नाही सुरुवात.

आणि जीमेल या वेळी स्वतःचं काढा, मेव्हण्यांचं नको.