नायक भीतीदायक करायचा होता, पण तो गोडच वाटतोय!

प्रश्न : मी सस्पेन्स कादंबरी लिहितेय, सगळी नायकाच्याच तोंडून. नायक एका मुलीसाठी वेडा झालाय, ती कधी ऑनलाइन येते, किती वाजता घरी जाते सगळं टिपून ठेवतो. मैत्रिणीने वाचलं तर म्हणे किती गोड आहे हा! मला तो भयंकर वाटायला हवा होता. काय करू?

उत्तर : सगळी गोष्ट 'मी, मी' करत तोच सांगतोय ना, मग त्याची पाळत वाचणाऱ्याला मायेने घेतलेली काळजीच वाटणार, कारण तिची बाजू कानावर येतच नाही.

जॉन फाउल्सची 'द कलेक्टर' (1963) वाचाच. (पुढे शेवट सांगतेय हं.) त्यातला क्लेग साधा क्लार्क, फुलपाखरं जमवणारा. मिरांडाला लांबून बघतो आणि वहीत नोंदी करतो, आधी 'एक्स' म्हणून, नाव कळल्यावर 'एम' म्हणून. मग फुटबॉलच्या पैजेत घबाड मिळतं, आडबाजूला घर घेतो आणि तिला पळवून तळघरात कोंडतो. वर तिला पाहुणी म्हणतो, अदबीने वागतो, मागेल ते आणून देतो, त्यामुळे आपल्यालाही वाटायला लागतं की बिचारा, आणि तेवढ्यात तिची डायरी सुरू होते. तेच दिवस, तीच खोली, पण इथे तिला उजेड हवाय, मोकळी हवा हवीय, चित्रं काढायचीत, आणि लक्षात येतं की याला ती कोण आहे हे कधी कळलंच नव्हतं. ती न्यूमोनियाने तापते तरी तो डॉक्टर आणत नाही, ती जाते, आणि थोड्याच दिवसांत त्याची नजर दुसऱ्या मुलीकडे वळते. मला तरी ते शेवटचं पान सगळ्यात असह्य वाटतं.

तर नायकाच्या हातात उगाच सुरा देऊ नका. तिच्या नकाराचं तो काय करतो ते दाखवा. तिने नंबर बदलला की हा म्हणणार, घरच्यांनी बदलायला लावला असेल. फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञ क्लेरांबो यांनी 1921 मध्ये असेच रुग्ण मांडले होते, समोरच्याचंच आपल्यावर प्रेम आहे अशी पक्की खात्री असलेले, नकारातही खूणच शोधणारे.

आणि एक प्रकरण तिच्या तोंडून लिहा. फोन वाजला की पोटात गोळा येतो, रोज लांबच्या रस्त्याने घरी जाते, मैत्रिणींना सांगितलं तर त्या हसतात. तेवढंच मैत्रिणीला वाचायला द्या, आणि त्यानंतरही तो गोड वाटला तर मला परत लिहा.