जीप बघायची तर आषाढात

चि. बायो,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. पुण्याची ती पिवळी, रुंद टायरांची, पुढे विंच लावलेली जीप तुझ्या मनात भरली आहे, हे तिचे अकरा फोटो पाठवलेस त्यावरूनच कळलं. आणि हर्णैजवळच्या वाडीत फणसाखाली उभी असलेली जुनी सीजे थ्री-बी जीप, तिचा एकच फोटो, तोही रस्त्यावरून काढलेला. मला त्या दुसरीबद्दल लिहायचं आहे.

पण आधी एक सांगतो. आत्ता वैशाखात कुठलीच जीप घेऊ नकोस. विकणारा गाडी रंगवतो ती दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्यात, आणि कोरड्या दिवसांत कोणतीही जीप देखणीच दिसते. जीप बघायची तर आषाढात, पाऊस धो-धो लागलेला असताना. छत्री घेऊन जा आणि नुसती तिच्याभोवती फीर. पाणी कुठून आत येतं, कुठे साठतं, कुठून बाहेर पडतं ते बघ. रबरी चटई उचल. सीट उचल, कारण थ्री-बीची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते आणि तिच्या बुडाशी ओल धरते. इंजिन चालू करायला सांगण्याआधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समज की तू येण्यापूर्वी कोणीतरी ते तापवून ठेवलंय. त्या दिवशी परत ये आणि दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी जा.

सोबत एक लोहचुंबक आणि लहान हातोडी ने. चुंबक जिथे पत्र्याला धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. हातोडी चासीसाठी, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यासाठी. पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जिथे चासीला अडकवलेले असतात ते ब्रॅकेट, मागचा आडवा मेंबर, बॉडीचे बोल्ट जिथे बसतात त्या जागा, बॅटरीखालचा भाग, सगळीकडे हलकेच ठोकत जा. निरोगी लोखंड खणखणीत वाजतं. सडलेलं लोखंड भिजलेल्या फळीसारखं ‘थप’ करतं, आणि एकदा तो आवाज ओळखीचा झाला की विसरता येत नाही. पत्रा सडला असेल तर मी नाही म्हणणार नाही. या जीपचा पत्रा सपाट, साधा. चांगला पत्राकाम करणारा माणूस बॉडीचा पूर्ण हौदा नव्याने करून देतो. चासी मात्र सडलेली असेल तर मुकाट्याने घरी ये. आरसीवर जो नंबर आहे तो चासीचा. ती गेली की गाडीच गेली.

किनाऱ्यावर लोखंड इतक्या लवकर का जातं, हे नीट समजून घे, कारण पुढची सगळी देखभाल त्या एका गोष्टीवर उभी आहे. गंजाला पाणी आणि हवा लागतेच. खारं वारं त्यात मीठ आणून टाकतं, आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं. त्यामुळे डोळ्यांना कोरडी दिसणारी चासीसुद्धा आतून ओली राहते. वर आपली तांबडी माती चासीच्या खोबणीत जाऊन बसते आणि स्पंजासारखी ती ओल धरून ठेवते. धुताना लोक बॉनेट चकचकीत करतात आणि चिखल तिथेच राहतो. तू उलट कर. वरून नाही धुतलीस तरी चालेल, खालून गोड्या पाण्याने धू. चाकाच्या आत, पाट्यांच्या मध्ये, चासीच्या भोकांतून नळी घालून पाणी स्वच्छ येईपर्यंत.

ॲल्युमिनियमची बॉडी असती तर, असं तू विचारलंस. लँड रोव्हरने १९४८ मध्ये ती वाट धरली, कारण युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलाद मिळणं कठीण होतं. पण तिचीही चासी पोलादाचीच. आणि जिथे ॲल्युमिनियम पोलादाला टेकतं तिथे खारट ओल मिळाली की ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. समुद्रापासून पळवाट नाही. कोळ्यांनाही नाही. म्हणून तर ते दर पावसाळ्यात होड्या वर ओढतात, खरवडतात, तेल पाजतात, झापांनी शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात घालतात. पन्नास वर्षं टिकलेली होडी एकदाच दुरुस्त करून टिकलेली नसते. दरवर्षी थोडी थोडी दुरुस्त होत टिकलेली असते. जीप मला त्याच जातीची वाटते. म्हणूनच ‘सगळं उघडून नव्यासारखी केली’ असं कोणी सांगितलं की मला आनंदापेक्षा काळजी जास्त वाटते. नव्यासारखी केली त्यानंतरच्या पावसाळ्यात काय केलं, हे विचार.

आता त्या थ्री-बीबद्दल. तिचं बॉनेट तुला बेढब वाटलं, ‘कपाळ उंच आहे’ असं लिहिलंस. त्या कपाळामागे गोष्ट आहे. महायुद्धातल्या, विलिस कंपनीच्या एमबी जीपचं इंजिन २२०० सीसीचं, साठ हॉर्सपॉवरचं, आणि त्याचे सगळे व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये होते. त्यामुळे ते बुटकं होतं आणि बॉनेट सपाट. पुढे विलिसने त्याच मापाच्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्येच ठेवले. ताकद सत्तरच्या वर गेली, पण इंजिन उंच झालं. नवी गाडी घडवण्याऐवजी त्यांनी बॉनेटच वर उचललं. ती १९५३ ची सीजे थ्री-बी. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली. इकडे १९४५ मध्ये सुरू झालेली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली होती, आणि तिने मुंबईत विलिसच्या जीपा जोडता जोडता पुढे इथेच बनवायला घेतल्या. अमेरिकेत ती थांबल्यावरही आपल्याकडे ती बनत राहिली. आपल्या लोकांनी ‘जीप’ म्हणून जे पाहिलं ते हेच उंच कपाळ. सरकारी दौऱ्यावर येणारी, साथीत डॉक्टरला आणणारी, बागेतून आंब्याच्या पेट्या काढणारी. ते कपाळ कापून सपाट करायचा सल्ला तुला कोणी ना कोणी देईल. ऐकू नकोस.

माझी स्वतःची जीप थ्री-बी नाही, महिंद्रची एमएम ५४०. तिच्यात पूजो या फ्रेंच कंपनीचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन आहे. सकाळी हीटर दिला की शांतपणे उठतं. मी ती वापरलेलीच घेतली आणि पहिल्याच वर्षी तिच्यावर एक अन्याय केला. तो लिहून ठेवतो, म्हणजे तू करणार नाहीस.

भाट्याच्या पुळणीवर मी ती संध्याकाळी पाण्याच्या कडेकडेने पळवली. तासभर पळवून हब चांगले तापले होते. मग उथळ पाण्यात घातली आणि तिथेच वाळू चाकांखालून निसटली. भरती लागली होती. दोर लावून, आठ माणसांनी ढकलून ती बाहेर काढली, तोवर पाणी एक्सलच्या वर आलं होतं. तापलेला एक्सल गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरच्या हवेच्या भोकातून पाणी आत ओढून घेते. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. मी वरून धुऊन पुसून गाडी उभी केली. तीन आठवड्यांनी मिस्त्रींनी एक्सलच्या हाउसिंगचा नट सोडला तर ऑइल दुधाच्या चहासारखं बाहेर आलं. बेअरिंग गेलीच, आणि दोन पावसाळ्यांनी एका रात्री मागच्या पाट्याचा ब्रॅकेट चासीपासून सुटला. त्या रात्री बरोबर माझी मुलं होती. काही झालं नाही, पण मला ती रात्र अजून आठवते.

म्हणून पुळणीवर गाडी घालायची नाही. आणि कारण एवढंच नाही. तू वेळास-आंजर्ल्याच्या जवळ राहतेस, तुला हे माहीत असायला हवं. ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात भरतीरेषेच्या वर खड्डा करून अंडी घालतात, एकेका खड्ड्यात शंभराच्या आसपास. वरून चाक गेलं की वाळू दाबली जाते. पिल्लं बाहेर आलीच तर चाकांच्या चाकोरीत पडतात आणि समुद्राकडे जाण्याऐवजी चाकोरीतूनच चालत राहतात. त्या चार बोटांच्या जिवाला चाकोरी म्हणजे दरीच. फोर बाय फोर, चारही चाकांना इंजिनची ताकद, म्हणजे कुठेही जायचा परवाना, असं तुझ्या वयाचे मित्र म्हणतील. कुठे जायचं नाही हे ज्याला कळतं त्याच्याच हातात फोर बाय फोरची ती दांडी शोभते.

त्या दांडीबद्दलही थोडं. या जीपांत पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये फरक सांभाळणारा मधला डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. चिखलात एखादं चाक घसरून तो फरक फिटतो. डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठतो आणि दांडी अडकते. अशा वेळी दांडीशी कुस्ती करू नकोस. चार हात मागे घे, सुटेल. आपला सड्यावरचा कोरडा जांभा डांबराइतकाच घट्ट धरतो, तिथेही फोर बाय फोर नको. तोच कातळ श्रावणात शेवाळला की साबण होतो, तिथे हवं. आणि लो गिअर, म्हणजे कमी वेगाचा जास्त ताकदीचा गिअर, हा चढापेक्षा उताराचा मित्र आहे. थ्री-बीत लो टाकलास की वेग अडीच पटीने उतरतो आणि इंजिनच गाडी धरून ठेवतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ओले झाले की ते धरत नाहीत. पऱ्ह्या, म्हणजे ओढा, ओलांडलास की थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालव, लायनर सुकू देत.

कागदांबद्दल लांबण लावत नाही. चासीवर ठोकलेला नंबर स्वतः घासून वाच आणि आरसीशी अक्षर न अक्षर ताडून बघ. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ते मधेच तुटलंय का बघ. पेट्रोलचं डिझेल केलं असेल तर आरसीवर तशी नोंद हवीच; मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनमानी फेरबदल करू देत नाही. पुण्याच्या त्या पिवळीबद्दल मला हीच शंका आहे. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, पण ती घेतलीस तर रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. तुला तर बागेत जायचंय. मग साधी नोंदणीच ठेव.

घेतलीस की पहिलं वर्ष काही बदलू नकोस. पॉवर स्टिअरिंग नको, रुंद टायर नकोत, एलईडीच्या माळा नकोत. जड वाटेल, हात भरून येतील, पण तिचं काय दुखतं ते तुला हातातूनच कळणार आहे. ग्रीस गन स्वतःची घे. पाट्यांचे शॅकल, शाफ्टचे क्रॉस, टाय रॉडची टोकं, सगळ्या निपलांना जुनं काळं ग्रीस निघून नवं दिसेपर्यंत ग्रीस भर. हे काम मिस्त्रीवर सोडू नकोस. मिस्त्री चांगला असला तरी त्याच्याकडे दहा गाड्या असतात, तुझ्याकडे एक. मात्र ब्रेक आणि स्टिअरिंग उघडायचं असेल तेव्हा म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलाव आणि शेजारी बसून बघ. त्या हातांना जे कळतं ते फारसं कुठे लिहिलेलं नाही, आणि असे हात आता मोजकेच उरलेत.

पावसाळ्याआधी चासीला जळकं ऑइल मारायची आपल्याकडे रीत आहे. मीही मारायचो. पण ते पागोळ्यांबरोबर खळ्यात उतरतं आणि खळ्यातून विहिरीकडे. आता मी आत पोचणारं मेणाचं कोटिंग वापरतो आणि उघड्या सांध्यांना ग्रीस. गाडी मातीवर उभी करू नकोस, चिऱ्यांची फरशी कर. ताडपत्री अंगाला चिकटवून गुंडाळू नकोस, आत घाम धरतो. चारी बाजूंनी वारा खेळेल अशी मांडवावर टाक. पेंढा जवळ नको. पेंढ्यात उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात. महिनाभर उभी राहिली असेल तर सुरू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड, एअर क्लीनर आणि पेट्रोलच्या झाकणाचं भोक बघ, कुंभारमाशी तिथे मातीचं घर करते. माझी एकदा तेवढ्यानेच घाटात बंद पडली होती.

तर, पुण्याला फोन करू नकोस. आषाढात हर्णैच्या वाडीत जा. ज्यांच्या फणसाखाली ती उभी आहे त्या आजींना आधी गाडीची किंमत विचारू नकोस. ती कोणी चालवायचं, कुठे कुठे गेली, ते विचार. चासी वाजवून झाली की मला फोन कर, आवाज कसा आला ते सांग. जमलं तर मी स्वतः येईन.

आणि घेतलीस, तर गणपतीनंतर ती घेऊन इकडे ये. महामार्गाने नको, किनाऱ्याने ये. दाभोळला फेरीबोटीने खाडी ओलांड, धोपाव्याहून गुहागर, पुढे तवसाळला पुन्हा बोट आणि जयगडला उतर. ओहोटी असेल तर धक्क्याचा उतार उघडा आणि निसरडा असतो. तिथे लो टाक, क्लचवरचा पाय काढ आणि तिला तिच्या चालीने चढू दे. जयगडला पोचलीस की खालून धुऊन घ्यायला आमच्याकडे विहिरीला पाणी भरपूर आहे.

तुझा,
काका